२००४ : निधनांच्या रकान्याबाहेरचे वर्ष

कवितेचे वर्ष मोजण्याची आपली रीत ठरून गेली आहे. संमेलनाध्यक्ष कोण झाले, अकादेमीचा पुरस्कार कोणाला मिळाला, कोणते संग्रह आले आणि कोण गेले. गेली पंचवीसएक वर्षे मीही अशीच एक नोंदवही ठेवत आलो आहे. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. बोरिवली ते चर्चगेट हा नोकरीचा प्रवास आणि त्या प्रवासात होणारे वाचन, एवढेच माझे साधन. या वहीतले २००४ चे पान मी अलीकडे पुन्हा काढले, तेव्हा ते चुकीचे भरले गेल्याचे लक्षात आले. चूक माझी आहे. पण ती ज्या रकान्यांमुळे झाली, ते रकाने आपल्या सर्वांचे आहेत.

त्या पानावर 'निधन' या रकान्यात तीन नावे आहेत : ९ जानेवारी, निसिम इझिकेल, २ जून, डॉम मोराइस, २५ सप्टेंबर, अरुण कोलटकर. पहिल्या दोन नावांपुढे मी 'इंग्रजी' असा शेरा मारला आहे. 'संग्रह' या रकान्यात कोलटकरांचे एकही पुस्तक नाही.

आधी शेऱ्याविषयी. तिघांनाही साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला : इझिकेल यांना १९८३ चा, मोराइस यांना १९९४ चा, कोलटकरांना मरणोत्तर २००५ चा. पहिले दोन इंग्रजीसाठी, तिसरा मराठीसाठी. पुरस्काराला अशी विभागणी लागते. पण वाचकानेही तीच का स्वीकारावी? इझिकेल मुंबईच्या बेने इस्राएली कुटुंबातले; या समाजाची घरची भाषा मराठी. १९६१ ते १९७२ ते विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केले. म्हणजे मराठी कविता ज्यांच्या हातून दुसऱ्या भाषेत गेली, त्या कवीला मी एका शब्दात परका ठरवून मोकळा झालो होतो. मोराइस यांची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या वर्षी हॉथॉर्नडन पारितोषिक मिळवणाऱ्या या कवीचे मराठीशी असे नाते नव्हते, ते ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. तिथे शेरा राहू द्यावा.

खरी अडचण कोलटकरांपाशी येते. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ चा. त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा मराठी संग्रह नाही. मग २००३-०४ च्या सुमारास 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण'. शिवाय २००४ मध्ये 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र' ही दोन इंग्रजी पुस्तके. पुस्तके प्रास प्रकाशनाची, म्हणजे अशोक शहाणे यांची. त्यांवरचा पत्ता मालाडचा. माझ्या स्टेशनापासून दुसरे स्टेशन. रोज मालाडवरून जात होतो आणि ही पुस्तके पाहिली नव्हती. मी आधी मृत्यूची बातमी वाचली, मग पुरस्काराची, आणि त्यानंतर पुस्तक. त्या काळातली जी कात्रणे माझ्याकडे आहेत, त्यांतही काळा घोडा, वेसाइड इन, घरात टेलिफोन नसणे हेच अधिक आहे. कवितेबद्दल दोनचार ओळी.

या उलट क्रमाने कवितेचे नुकसान होते. कवी गेल्यावर हाती आलेली पुस्तके आपण निरोपाची पुस्तके म्हणून वाचू लागतो. वास्तविक ती वर्षानुवर्षे लिहून, राखून ठेवलेली होती. त्यांतला जोम उतरणीचा नाही. दुसरे म्हणजे पुरस्काराचे वजन. 'भिजकी वही' ही विद्वानांची, संदर्भकोश घेऊन बसण्याची चीज, असा समज मीही घेऊन बसलो होतो. या वहीत रडणाऱ्या स्त्रिया आहेत : इजिप्तची इसिस, ट्रॉयची कॅसान्ड्रा, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, तमिळ महाकाव्यातली कन्नगी, स्टालिनच्या रशियातली नादेझ्दा. पहिल्या खेपेला मी ग्रंथालयात विश्वकोश शेजारी ठेवून वाचली आणि थकलो. दुसऱ्या खेपेला गाडीत, काहीही सोबत न घेता वाचली. तेव्हा कळले की लागेल तेवढे कवी स्वतःच सांगतो. कधी तो त्या बाईशी बोलतो, कधी ती स्वतः बोलते. भाषा मात्र आपल्या ओसरीवरची. कीर्तनकार आख्यान लावतो, तेव्हा श्रोत्याला पुराण आधी पाठ असावे लागत नाही. 'चिरीमिरी'तल्या बळवंतबुवांच्या गोष्टींमागेही हाच सांगणारा आहे. एक पुस्तक रांगडे, दुसरे विद्वज्जड, असे आपण म्हणतो. पण दोन्हीकडची सांगण्याची पद्धत एक आहे. काही ठिकाणी माहितीचा ढीग इतका वाढतो की अश्रू त्याखाली सुकतात, हेही नोंदवले पाहिजे. पण तो दोष विद्वत्तेचा नाही. गोष्ट हातची सोडवत नाही अशा सांगणाऱ्याचा आहे.

आणि इथेच 'इंग्रजी' हा शेरा पुन्हा आडवा येतो. जनमेजयाच्या सर्पयज्ञावरची 'सर्प सत्र' ही दीर्घकविता इंग्रजीत आहे. तिचे मराठी रूप 'भिजकी वही'त आहे. माझ्या रकान्यांप्रमाणे एकच कविता एकदा आत आणि एकदा बाहेर ठेवावी लागेल. महाभारत इंग्रजी पुस्तकात, अलेक्झांड्रिया मराठी वहीत! यापुढे शेरा कसा टिकणार?

तेव्हा २००४ हे तीन कवी गेल्याचे वर्ष आहेच. पण मराठी कवितेपुरते ते आधी पुस्तकांचे वर्ष आहे. एका कवीची पाव शतकाची कमाई वाचकासमोर आली आणि आपण शोकसभेत होतो. जुने पान मी फाडलेले नाही. 'संग्रह' या रकान्यात राहिलेली नावे वेगळ्या शाईने लिहिली, इझिकेल यांच्यापुढचा शेरा खोडून 'इंदिरा संतांचे अनुवादक' असे लिहिले, आणि शेवटी एक नवा रकाना आखला : 'वाचले केव्हा'. 'भिजकी वही'पुढे तिथे २००६ लिहावे लागले.