सस्पेन्स खातं

आमच्या बँकेतही सस्पेन्स असतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि सहा-दहाची लोकल पकडतो. रहस्याशी माझा संबंध एवढाच. तरीही सत्यजित राय यांची 'कैलाशे केलेंकारी' ही १९७४ साली पुस्तकरूपाने आलेली फेलूदा-कादंबरी अनुवादातून वाचली, आणि दोन रात्री झोप खर्ची पडली.

भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं मुंडकं कोणीतरी तोडून नेतं. गिऱ्हाईक अमेरिकन. त्याचं विमान कोसळतं, गिऱ्हाईक जातं. मुंडकं मात्र पुन्हा चोरांच्या हाती लागतं आणि माग थेट आपल्या वेरूळला पोचतो. मागावर फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि 'जटायू' या नावाने थरारकथा लिहिणारे लालमोहनबाबू. या जटायूंवर माझा विशेष जीव. चुका त्यांच्या पुस्तकांत निघतात, तशा माझ्या लेजरातही निघतात. त्यांना मानधन मिळतं, मला मेमो!

आता खोट काढायचीच तर ते विमान कथेला हवं तिथेच पडतं. इतकं सोयीचं व्हाउचर माझ्या काउंटरवर आलं असतं, तर मी दोनदा उलटून पाहिलं असतं. शिवाय बायकांचं खातं जवळजवळ निरंक. लक्षात राहते ती एकटी यक्षी, आणि तिचंही नुसतं डोकं!

पण एरवी रहस्यकथेतला गुप्तहेर खून झाल्यावर जागा होतो. फेलूदाचा संताप त्याआधीच सुरू होतो, दगडासाठी. आणि जागाही रायांनी नेमकी निवडली आहे. वेरूळचं १६ नंबरचं कैलास लेणं एकाच कातळातून, वरून खाली कोरत आणलेलं. तिथे काही जोडलेलंच नाही, मग तुटलेलं परत जोडणार कशाला? हे लेखक भाषण करून सांगत नाही. जागाच सांगते.

शेवटचं पान मिटलं आणि नजर टेबलावरच्या पेपरवेटवर गेली. कॉलेजात असताना सहलीत एका पडक्या देवळातून उचललेला नक्षीचा तुकडा. २५ वर्षं माझी विजेची बिलं सांभाळत होता.

"अहो, एवढासा तर दगड!" आमची ही म्हणाली.

चोरांचंही म्हणणं हेच असतं.

रविवारी एस.टी.ने गेलो. देऊळ सापडलं. तुकडा हातात घेऊन तासभर भिंती न्याहाळल्या. पण तो कुठल्या वेलीचा, कुठल्या खांबाचा, काही केल्या जुळेना. शेवटी पुजाऱ्याच्या हवाली केला. त्याने तो कोनाड्यात ठेवला आणि मला प्रसाद दिला.

माल परत गेला, पण नोंद अजून सस्पेन्समध्येच आहे.