जखमी हरणाचा माग : कथनाच्या उगमाविषयी एक आक्षेप

इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पिए’, म्हणजे ‘खुणा’, या निबंधाने कथनमीमांसेला एक आकर्षक उगमकथा मिळवून दिली. मोरेल्ली चित्राचा कर्ता ओळखण्यासाठी कानाची पाळी, बोटांची नखे असे क्षुल्लक तपशील पाहतात. शेरलॉक होम्स राखेवरून गुन्हेगारापर्यंत पोहोचतो. फ्रॉइड बोलण्यातील अनवधानाच्या चुकांवरून अबोधाचा ठाव घेतात. या तिन्ही रीतींच्या मुळाशी एकच ज्ञानप्रतिमान आहे आणि त्याचा उगम शिकाऱ्याच्या माग काढण्याच्या विद्येत आहे, असे गिन्झबुर्ग मांडतात. चिखलातील ठसा, मोडलेली फांदी, काट्याला अडकलेला केस या मूक खुणांतून न पाहिलेल्या घटनांची सुसंगत मालिका उभी करू शकणारा शिकारी हाच कदाचित पहिला कथनकार असावा, असा त्यांचा तर्क आहे.

या तर्काचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यात एक गृहीतक आहे, आणि ते सहसा तपासले जात नाही. गिन्झबुर्ग यांच्या शिकाऱ्यापुढील खुणा त्याच्याविना उमटलेल्या असतात. प्राणी आपल्या वाटेने गेला, शिकारी नंतर आला आणि त्याने ते वाचले. हा शिकारी संहितेच्या बाहेर उभा असलेला, निर्दोष वाचक आहे. मागाचा शोध घेण्याचा सर्वांत निकडीचा प्रसंग मात्र याहून वेगळा असतो. तो बाण सुटल्यानंतरचा असतो.

धनुष्याने केलेल्या शिकारीत प्राणी बहुधा जागच्या जागी कोसळत नाही. बाण मारतो तो मुख्यतः रक्तस्रावाने, आणि त्याला वेळ लागतो. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्याने शिकार करणाऱ्यांमध्ये या वेळेचे एक शास्त्रच तयार झाले आहे. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसाला लागलेला बाण. काळपट लाल रक्त यकृताकडे बोट दाखवते. रक्तात हिरवट अंश आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटात शिरला आहे. पहिल्या प्रकारात थोड्या वेळाने माग धरता येतो. शेवटच्या प्रकारात कित्येक तास, पुष्कळदा उजाडेपर्यंत, थांबावे लागते. सायंकाळी बाण सुटला असेल तर हा शोध अंधारात सुरू होतो. विजेरीच्या वर्तुळात एका वेळी दोन-चार पावलांचीच जमीन दिसते. म्हणून रक्ताचा शेवटचा निश्चित थेंब जेथे दिसला तेथे खूण ठेवायची, मागाच्या कडेने चालायचे, पुढची खूण सापडली नाही तर त्या शेवटच्या थेंबापाशी परत यायचे आणि तेथून पुन्हा आरंभ करायचा, असा नियम आहे.

या व्यवहारातील दोन गोष्टी गिन्झबुर्ग यांच्या प्रतिमानाला अडचणीत आणतात. पहिली अशी की, येथे पहिली खूण जमिनीवर नसून शिकाऱ्याच्या स्मृतीत असते. बाण कोठे लागला, हरीण कसे उसळले, कोणत्या दिशेने गेले, हे त्यालाच आठवावयाचे असते आणि ही स्मृती निःपक्षपाती नसते. नेम चांगला साधला असावा अशी त्याची इच्छा असल्यामुळे काळपट रक्तही त्याला तांबडे दिसू शकते. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. वाचण्याची घाई येथे संहिताच बदलते. जखमी हरणाला पाठलाग होत असल्याचे जाणवले नाही तर ते बहुधा जवळच कोठेतरी बसते. ते उठवले गेले की दूर पळते, रक्ताची रेघ तुटते आणि माग हरवतो. म्हणजे अन्वयार्थ लावण्याची कृती ही अन्वयार्थाच्या विषयापासून अलग राहत नाही. चित्राचा कान मोरेल्ली यांनी कितीही वेळ न्याहाळला तरी चित्र जागचे हलत नाही. हरीण हलते.

या स्थितीची जाणीव सर्वांत स्पष्टपणे नोंदली गेली आहे ती दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांच्या कथनांत. केप प्रांतातील क्साम भाषक सान लोकांची निवेदने विल्हेल्म ब्लीक व लुसी लॉइड यांनी १८७०च्या दशकात लिहून घेतली. त्यांतील काही १९११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विषारी बाणाने केलेल्या शिकारीत प्राणी सावकाश मरतो. त्यामुळे बाण आणि माग यांच्यामध्ये बहुधा एक रात्र असते. एलंड या मोठ्या कुरंगाला बाण लागल्यावर ज्याने तो मारला त्याने धावायचे नाही, अशी रीत या निवेदनांत सांगितली आहे. तो मंद चालीने परततो, मुलांच्या गलबल्यापासून दूर राहतो आणि एक वृद्ध आजाऱ्याची करावी तशी त्याची देखभाल करतो. तो चपळ झाला तर दूर रानात तो प्राणीही सावरेल, अशी यामागील समजूत आहे. तिला आदिम भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण माग वाचणारा हा जखमेच्या बाहेर नसून तिचा एक पक्ष आहे, हे ज्ञानमीमांसेचे सत्य या रीतीने आचारात बांधून ठेवले आहे.

अभिजात साहित्यानेही हे ओळखले होते. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या चौथ्या सर्गात प्रेमदग्ध डायडोला क्रीटच्या रानातील बाण लागलेल्या हरिणीची उपमा दिली आहे. या उपमेतील मर्मस्थान हरिणीपाशी नसून बाण सोडणाऱ्या मेंढपाळापाशी आहे : आपला बाण लागला हेच त्याला ठाऊक नाही. हरिणी रान तुडवत राहते, बाण तिच्या कुशीत रुतलेला राहतो आणि मागे कोणीच येत नाही. हा सोडलेला माग कवी सहाव्या सर्गात पुन्हा हाती घेतो. पाताळाच्या अंधूक उजेडात ईनियसला डायडो दिसते. तिची जखम अजून ताजी आहे. तुझ्या मृत्यूला मीच कारण झालो का, असे तो विचारतो, आणि ती उत्तर न देता झाडीच्या सावलीत निघून जाते. शोध लागतो, पण लाभ होत नाही.

वाल्मीकींचा दशरथ याच्या उलट टोकाला आहे. रात्री शरयूच्या काठी पाण्यावर येणारे श्वापद मारण्यासाठी तो थांबलेला असतो. घडा भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटतो आणि तो शब्दवेधी बाण सोडतो. चिन्हाच्या चुकीच्या वाचनाचे याहून कठोर उदाहरण क्वचितच सापडेल. परंतु दशरथ आवाजाच्या रोखाने जातो, मरणाऱ्या तापसकुमाराच्या अंगातील बाण त्याच्याच सांगण्यावरून काढतो आणि त्याने दाखविलेल्या पायवाटेने आंधळ्या मातापित्यांपर्यंत पोहोचतो. हे सारे आपल्याला कळते तेही दशरथाच्याच तोंडून. रामाच्या वनगमनानंतरच्या सहाव्या रात्री, मध्यरात्री, तो कौसल्येला ही हकीकत सांगतो आणि त्याच रात्री मरतो. येथे कथन जन्माला येते ते खुणा वाचता आल्यामुळे नव्हे. कबुली देणे भाग पडल्यामुळे ते जन्माला येते.

गिन्झबुर्ग यांना चिन्हवाचनातील सत्तेचे भान नव्हते असे म्हणता येणार नाही. बंगालमधील हुगळी जिल्ह्यात प्रशासक असलेल्या विल्यम हर्शेल यांनी बोटांच्या ठशांची स्थानिक रीत कशी उचलली आणि तिचे रूपांतर नियंत्रणाच्या साधनात कसे झाले, हे त्यांनी त्याच निबंधात दाखविले आहे. पण हे भान त्यांनी निबंधाच्या अखेरीस, आधुनिक राज्यसंस्थेच्या संदर्भात ठेवले. आरंभीच्या शिकाऱ्याला त्यातून मोकळे सोडले. उगम निष्कलंक आणि विपर्यास नंतरचा, अशी ही रचना आहे.

समीक्षेच्या दृष्टीने या आक्षेपाचा अर्थ मर्यादित पण महत्त्वाचा आहे. न दुखावलेल्या प्राण्याचा माग वाचणारा शिकारी खोटा नाही. फक्त तो एकटाच कथनाचा पूर्वज नाही. त्याच्याशेजारी दुसरा उभा आहे : ज्याने जखम केली, जो घाईला आवर घालतो आणि हरवलेल्या मागाचा दोष अंधाराला न देता शेवटच्या निश्चित थेंबापाशी परततो. संहितेला प्रश्न विचारणारा समीक्षकही पुष्कळदा आपल्याच प्रश्नाने उमटलेल्या खुणा वाचत असतो. अशा वेळी आपला बाण कोठे लागला हे आधी सांगणे, ही समीक्षेची पहिली जबाबदारी ठरते.