कारस्थान आणि कारखाना

'आय. जी. फार्बेन' हे नाव आज कोणत्याही बाटलीवर वा डब्यावर दिसत नाही. कथा-चित्रपटांत मात्र ते टिकून आहे. बी.ए.एस.एफ., बायर, हेक्स्ट आदी जर्मन कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९२५ मध्ये हा महाउद्योग उभा राहिला. यांतील बी.ए.एस.एफ.च्याच कृत्रिम निळीने १८९७ पासून आपल्याकडील निळीच्या शेतीवर घाला घातला होता. सल्फा औषधांचा शोध फार्बेनच्याच प्रयोगशाळेतला. ऑशविट्झजवळ मोनोविट्झ येथे छावणीतील कैद्यांना राबवून कृत्रिम रबराचा, म्हणजे 'बुना'चा, कारखाना बांधावयास काढला तोही फार्बेननेच. तेथे हजारो माणसे मेली. रबर मात्र अखेरपर्यंत तयार झाले नाही.

एकाच हातून औषध आणि मरण यावे, हे कोडे कलावंतांस खुणावणारच. कुर्ट मेट्झिग यांच्या १९५० च्या पूर्व जर्मन चित्रपटाचे नावच 'देवांची परिषद' असे आहे. बंद दालनात जगाचे भवितव्य ठरविणारे संचालक त्यात दिसतात. थॉमस पिंचन यांच्या 'ग्रॅव्हिटीज रेनबो' (१९७३) या कादंबरीत तर फार्बेन म्हणजे सर्वत्र पसरलेले अदृश्य जाळेच होय. दोन्ही कृतींचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. परंतु कारस्थान जितके अफाट, तितका सामान्य वाचक त्यातून सुटतो. देवांच्या परिषदेत आपल्याला कोण बोलावणार? म्हणूनच मेट्झिग यांच्या चित्रपटात आम्हांस अधिक खरा वाटतो तो घरदार आणि नोकरी सांभाळण्यासाठी मौन पत्करणारा रसायनज्ञ.

हे मौन सर्वांत नेमके टिपले ते प्रिमो लेव्ही यांनी. १९४४ मध्ये ते स्वतः त्या कारखान्यात कैदी होते. 'द पिरिऑडिक टेबल' (१९७५) मधील 'व्हॅनेडियम' या प्रकरणात युद्धानंतर रंग-वार्निशच्या व्यवसायात असलेल्या लेव्हींना एक व्यापारी पत्र येते. त्यातील एका रसायनाच्या नावातली चूक ओळखीची वाटते आणि प्रयोगशाळेतील जुना जर्मन अधिकारी सापडतो. त्याने एकेकाळी लेव्हींना चामड्याचे जोडे आणि दाढीची परवानगी मिळवून दिली होती. तो राक्षस नव्हे. पण कारखाना ज्यूंच्या रक्षणासाठीच होता, अशी समजूत त्याने करून घेतली आहे. लेव्ही त्याला सैतान ठरवीत नाहीत, आणि क्षमाही करीत नाहीत. ही तोल राखणारी कठोरता आम्हांस थोर वाटते.

इतिहासाची साक्षही हीच आहे. न्यूरेंबर्ग येथे १९४८ मध्ये आक्रमक युद्धाच्या कटाच्या आरोपातून फार्बेनचे सर्व आरोपी सुटले. तेरा जण दोषी ठरले ते लूट आणि गुलाम-मजुरीबद्दल. कोणासही आठ वर्षांहून अधिक शिक्षा झाली नाही. सात वर्षांची शिक्षा झालेले फ्रिट्झ टेर मेर लवकर सुटले आणि १९५६ मध्ये बायरच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले. यात गुप्त असे काहीच नव्हते. कारस्थानाच्या कथा रंगतात खऱ्या; पण उघड्यावर, सहीशिक्क्यानिशी चाललेला अन्याय ओळखावयास शिकवील, ते साहित्य आम्ही श्रेष्ठ मानतो.