गावाला विचारायचं, ते कधी?

मंडळी, आजचा विषय आहे 'शालेय आरोग्यशिक्षण आणि लोकसहभाग'. यातला दुसरा शब्द जवळपास प्रत्येक सरकारी योजनेत असतो. तो तिथं नेमकं काय काम करतो, एवढंच आज तपासू.

आयुष्मान भारतमधला शालेय आरोग्य कार्यक्रम घ्या. २०२० साली तो सुरू झाला. आराखडा चांगला आहे, हे आम्ही आधीच सांगतो. अकरा विषय: वाढतं वय, मानसिक आरोग्य, पोषण, व्यसन, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा वापर वगैरे. शिकवायला शाळेतलेच प्रशिक्षित शिक्षक, साहित्य एनसीईआरटीचं. पण हे सगळं आपल्याकडे आलं ते तयार होऊन. पालकांच्या वाट्याला उरलं ते ऐकणं.

कायद्याचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. कलम २१ नुसार या समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं. अभ्यासक्रम मात्र कलम २९ नं शैक्षणिक प्राधिकरणाकडे. म्हणजे बघा, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार कधी बसणार, हे आई विचारू शकते. पाळीबद्दल वर्गात काय सांगणार, हे तिला कुणी विचारत नाही.

याचा परिणाम आपण २००७ साली पाहिलाय. किशोरवयीन शिक्षणाचं साहित्य शाळांपर्यंत आलं, चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारनं तो कार्यक्रम थांबवला. 'समाज मागासलेला' म्हणून आपण मोकळे झालो. आमचं म्हणणं वेगळं आहे. ज्याला करताना विचारलं नाही, त्याच्या हातात शेवटी फक्त 'नको' उरतं.

उलटी वाट गडचिरोलीत दिसते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आधी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. तरुणांसाठीचं 'तारुण्यभान' पुढं आलं. आधी ऐकलं, मग शिकवलं.

आता आपल्या शाहूवाडी तालुक्यात या. इथं पाऊस चार महिने हलत नाही. पाळीचा कपडा 'उन्हात वाळवा' हे वाक्य जुलैत धनगरवाड्यावरच्या मुलीला काय कामाचं? 'व्यसन' म्हटलं की पोरं दारू, गुटखा सांगतात. घरात तव्यावर भाजली जाणारी मशेरी त्यांना तंबाखू वाटतच नाही. बाप मुंबईला, पोरगं आजीजवळ. त्याच्या मानसिक आरोग्याचा धडा कुठून सुरू करायचा? हे पुण्या-दिल्लीतल्या तज्ज्ञाला सुचणार नाही. इथल्या आशाताईला तोंडपाठ आहे.

कुणी म्हणेल, गाव म्हणजे विटाळही आलाच. 'मुलींना हे सांगू नका' म्हणणारेही गावातलेच. खरं आहे. बैठक बोलावली की पुढच्या खुर्चीवरचे चार पुरुष बोलणार, आया पदर सावरत मागं बसणार. त्याला सहभाग म्हणायला आम्ही तयार नाही. म्हणून रेघ स्पष्ट हवी. शरीराबद्दलचं सत्य मतदानाला टाकायचं नाही. पाळी, गर्भधारणा, अत्याचाराची ओळख हे शिकवायचंच. मात्र कुठून सुरुवात, कोणत्या शब्दांत, कोणाच्या तोंडून, हे गावानं ठरवावं.

त्यासाठी नव्या योजनेची वाट बघायला नको. समिती आहे, तिच्यात निम्म्या बायका आहेत. जून उजाडायच्या आत आयांची बैठक वेगळी घ्या, आशाताईंना बोलवा. मुलांकडून विनानावाच्या चिठ्ठ्यांवर प्रश्न घ्या. मग ते अकरा विषय समोर ठेवा आणि विचारा, यातलं आधी काय? जमलेली यादी शाळेच्या विकास आराखड्यात लिहा. आराखडा करणं हे समितीचं कायद्यानं दिलेलं कामच आहे. त्यात फक्त पत्रे आणि फरशीच का असावी?