मिलेतच्या बंदरातले भाषण

पाळकांच्या परिषदेत बोलणे हे वक्त्याच्या वाट्याला येणारे फार कठीण काम. समोरचा प्रत्येक जण स्वतः दर रविवारी उपदेश करणारा. कोणती ओवी कुठे येणार, आवाज कुठे चढणार, गोष्ट संपून बोध कुठे सुरू होणार, हे त्याला आधीच कळते. अशा श्रोत्यांपुढचे एक भाषण नव्या करारात आहे आणि मला ते वक्तृत्वाचा फार मोठा नमुना वाटते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20, ओव्या 18 ते 35. मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटे पुरतात. याच पुस्तकात पौल पिसिदियातल्या अंत्युखियात यहुद्यांपुढे बोलतो, अथेनैमध्ये तत्त्वज्ञांपुढे बोलतो, पुढे बेड्या घातलेल्या अवस्थेत अग्रिप्पा राजापुढेही बोलतो. मात्र मंडळी सांभाळणाऱ्यांसमोर त्याने केलेले भाषण सविस्तर नोंदले गेले ते एवढेच.

काळ सन 57च्या सुमाराचा. पौल यरुशलेमला निघाला आहे आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत त्याला तिथे पोहोचायचे आहे. वाटेत इफिस लागते. तिथे त्याने तीन वर्षे काढली आहेत. तिथे उतरलो तर पाय लवकर निघणार नाही हे जाणून तो गलबत पुढे जाऊ देतो आणि मिलेतच्या बंदरातून इफिसच्या वडीलमंडळींना निरोप धाडतो. दोन्ही शहरे आज तुर्कस्तानात येतात. नद्यांच्या गाळाने दोघांचीही बंदरे बुजली आणि समुद्र मागे हटला. सरळ रेषेत मोजले तरी त्यांच्यात पन्नासेक किलोमीटरचे अंतर आहे. म्हणजे भाषणाचा पहिला शब्द उच्चारला जाण्याआधीच श्रोते एवढी वाट तुडवून आले आहेत. त्यांचे पौलावर किती प्रेम होते हे कृत्यांचा लेखक लूक याने इथे वेगळे सांगितलेले नाही. ते आले, एवढे पुरते.

पौल सुरुवात करतो ती श्रोत्यांच्या आठवणीपासून. मी तुमच्यात आल्या दिवसापासून कसा वागलो ते तुमचे तुम्हालाच माहीत आहे, अशा अर्थाचे त्याचे पहिले वाक्य आहे. शेवटाकडे येताना तो पुन्हा त्यांनाच साक्षीला बोलावतो. या भाषणाचा सगळा जोर मला इथे दिसतो. परिषदेला बाहेरगावाहून आलेला वक्ता बहुधा दुसऱ्या गावच्या हकिगती सांगतो आणि त्या खऱ्या की खोट्या हे श्रोत्यांना ताडून पाहता येत नाही. पौलाने मात्र असा एकही दाखला घेतलेला नाही, जो समोरच्या माणसाला जागच्या जागी खोडून काढता आला नसता.

आता 19वा अध्याय शेजारी ठेवून वाचा. इफिसमधले पौलाचे दिवस तिथे केवढे गजबजलेले आहेत. जादूटोण्याची पुस्तके सर्वांसमोर जाळली गेली आणि त्यांची किंमत भरली पन्नास हजार रुप्याची नाणी. देमेत्रिय सोनाराने अर्तमी देवीच्या नावाने शहर पेटवले आणि नाट्यगृहात जमलेला जमाव दोन तास ओरडत राहिला. लूकच्या वाचकाने हे नुकतेच वाचलेले असते. भाषणात मात्र त्यातले काहीही नाही. पौलाला आठवतात ती आसवे, विरोधकांचे कट, आणि घरोघर जाऊन दिलेली शिकवण. आसवांचा उल्लेख तर तो दोनदा करतो. आपल्या कामाचा सर्वांत भरघोस काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांच्यापुढे तो त्यातले दिमाखाचे सारे वगळतो. निवडीची ही नजर मला थोर वाटते.

भाषणाची बांधणी ‘आता’ या लहानशा शब्दावर तीनदा वळते. पहिल्या वळणावर भूतकाळ संपतो. आता मी यरुशलेमला चाललो आहे, पुढे काय होईल ठाऊक नाही, फक्त गावोगावी आत्मा मला सांगतो आहे की बेड्या वाट पाहत आहेत. दुसऱ्या वळणावर त्याहून जड वाक्य येते, की यापुढे तुम्हाला माझे तोंड दिसणार नाही. लगेच तो म्हणतो की तुमच्यापैकी कुणाच्याही रक्ताचा दोष माझ्यावर नाही. निरोपाच्या घडीला हे बोलणे प्रथम कठोर वाटते. पण त्यामागे यहेज्केल संदेष्ट्याचा पहारेकरी उभा आहे. तलवार येताना पाहूनही जो रणशिंग फुंकत नाही, त्याच्याकडून मेलेल्यांच्या रक्ताचा जाब घेतला जातो. पौल सांगतो, मी फुंकले.

आणि मग तो खरोखरच फुंकतो. आधी स्वतःकडे लक्ष द्या, मग कळपाकडे, हा त्याचा क्रम. बाहेरून क्रूर लांडगे शिरतील, इथवर श्रोते मान डोलवत असतील. पुढचे वाक्य मात्र त्यांच्यातच शिरते. तुमच्यामधूनही माणसे उठतील आणि शिष्यांना आपल्यामागे ओढून नेतील. एवढी वाट चालून आलेल्या, डोळे भरून आलेल्या माणसांना हे तोंडावर सांगायचे! नाव कुणाचेही घेतलेले नाही, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःकडेच वळून पाहावे लागते. पाळकांच्या परिषदांत एकमेकांचे गुणगान पुष्कळ होते. हे वाक्य उच्चारण्याइतके प्रेम असलेला वक्ता विरळा.

तिसऱ्या ‘आता’वर भाषण शिखराला पोहोचते. जाणारा गुरू मागे राहणाऱ्यांच्या हाती वचन सोपवील, ते जपा असे सांगेल, असे आपल्याला वाटते. पौल उलटे करतो. तो त्या माणसांनाच देवाच्या आणि त्याच्या कृपेच्या वचनाच्या हाती सोपवतो. लांडगे येणार, आपल्यातलेच फितूर होणार, मी पुन्हा भेटणार नाही, हे सगळे सांगून झाल्यावर तो ना वारसाचे नाव घेतो, ना एखादी व्यवस्था लावून देतो. या एका ओवीसाठी मी हे भाषण पुन्हापुन्हा वाचतो.

इथे थांबला असता तरी भाषण पूर्ण झाले असते. तो मात्र पैशांकडे वळतो. कुणाच्या सोन्यारुप्याचा, कपड्यालत्त्याचा लोभ मी धरला नाही. माझ्या आणि सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या. काहींना हा उतार वाटतो, मला अजिबात वाटत नाही. शमुवेलनेही निरोप घेताना, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचे गाढव घेतले, असे लोकांना विचारले होते. ‘या हातांनी’ म्हणताना पौलाने ते हात वर केले असणार, तंबू शिवून राठ झालेले. कृत्यांच्या कोडेक्स बेझे या प्राचीन हस्तलिखितात एक जादा तपशील सापडतो. इफिसमध्ये तुरान्नाच्या पाठशाळेत तो पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे साधारण अकरा ते चार, शिकवीत असे. गाव विसावा घेई ती ही वेळ. सकाळ कामाची असणार. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी 1917मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांच्या त्या निर्णयाशी या ओव्यांचे नाते मला फार जवळचे वाटते.

शेवटचे वाक्य पौल स्वतःचे ठेवत नाही, ते येशूचे ठेवतो. घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, या आशयाचे हे वचन चारही शुभवर्तमानांत नाही. या भाषणामुळेच ते आपल्यापर्यंत आले.

हे शब्द पौलाचे किती आणि लूकचे किती, हा वाद अभ्यासकांत जुना आहे. प्राचीन इतिहासकार भाषणे स्वतः रचून घालत, हे खरे. तरी याच प्रवासाच्या वर्णनात निवेदक ‘आम्ही’ म्हणू लागतो, आणि नम्रता, धाव पुरी करणे, कृपा, उभारणी हे पत्रांतल्या पौलाचे शब्द इथे दाटीने येतात. रसिक म्हणून माझा कौल असा, की ऐकणाऱ्याच्या कानात मूळ आवाज राहिलेला होता. भाषण संपल्यावर वडीलमंडळींपैकी कुणी आभार मानल्याची नोंद नाही. सगळे गुडघे टेकतात, रडतात, त्याच्या गळ्यात पडतात आणि त्याला गलबतापर्यंत पोहोचवतात.

इफिसच्या मंडळीचे पुढे काय झाले हे नव्या करारातच वाचायला मिळते. प्रकटीकरणाच्या 2ऱ्या अध्यायात तिला एक पत्र आहे. जे प्रेषित नसताना स्वतःला प्रेषित म्हणवत होते त्यांना या मंडळीने पारखले आणि खोटे ठरवले, अशी शाबासकी त्यात मिळते. लांडग्यांबद्दलचा इशारा तिने मनावर घेतला होता. त्याच पत्रात तिच्यावर एक ठपकाही आहे. पहिली प्रीती तिने सोडली होती.