आठ मिनिटांचा हिशेब

रणगाड्यांनी शहर कसे जिंकले वा गमावले हे सांगणाऱ्या पुस्तकांत माणूस बहुधा आकड्यापुरताच असतो. नकाशावर बाण पुढे सरकतो. त्याच्या टोकाशी कोण जळाले, हे विचारायचे नसते. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नव्हते. इतिहासात नाव नसणे म्हणजे काय, हे मला शिकावे लागले नाही. वासिली ग्रॉसमन यांची ‘लाइफ अँड फेट’ ही कादंबरी मी इंग्रजीतून वाचली, ती हाच प्रश्न मनात धरून.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मनांच्या १६ व्या पॅन्झर डिव्हिजनचे रणगाडे स्टालिनग्राडच्या उत्तरेस व्होल्गाकाठी पोहोचले. त्यांना तोंड दिले ते विमानविरोधी तोफांवरच्या तरुण मुलींनी. पुढे जर्मन बाँबनीच पाडलेल्या ढिगाऱ्यांत हे रणगाडे अडखळले आणि लढाई जिन्याजिन्यांत शिरली. ग्रॉसमन तेथे वार्ताहर होते.

कादंबरीतला नोव्हिकोव हा सोव्हिएत रणगाडा दलाचा प्रमुख. जर्मनांना वेढण्याच्या हल्ल्यात शत्रूच्या तोफा पुरत्या गप्प झालेल्या नाहीत, म्हणून तो आपले रणगाडे आठ मिनिटे रोखून धरतो. वरून थेट स्टालिनची घाई! राजकीय अधिकारी गेटमानोव त्याला मिठी मारतो आणि मागाहून त्याच्याविरुद्ध अहवाल लिहितो. येथे नोव्हिकोवचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. मला थांबता येत नाही. ही आठ मिनिटे वरिष्ठाने दिलेली आहेत. रणगाड्यात बसलेल्या पोरांनी ती मागितलेली नाहीत, मागण्याची सोयही नाही. साहेब बदलला की दयाही बदलते. आपल्या माणसांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

म्हणून मला ‘६/१’ क्रमांकाचे घर अधिक मोलाचे वाटते. वेढ्यातल्या त्या घरात ग्रेकोव आणि त्याचे सोबती बरोबरीने बोलतात, वर अहवाल पाठवीत नाहीत. सत्तेला ही बरोबरीच खुपते. ती क्रिमोव नावाच्या कमिसारला तेथे धाडते. पण माझी तक्रार आहे. ही समता ग्रॉसमन मरणाच्या उंबरठ्यावरच नांदवतात, आणि घरासकट ती गाडली जाते. जगणाऱ्यांच्या वाट्याला पुन्हा गेटमानोवच!

तक्रार करतानाही लेखकाने मोजलेली किंमत विसरता येत नाही. त्यांची आई १९४१ मध्ये बर्दिचेव येथे ज्यू म्हणून मारली गेली. १९६१ मध्ये केजीबीने हस्तलिखिताबरोबर कार्बन कागद आणि टाइपरायटरच्या फितीही उचलून नेल्या. १९६४ मध्ये ग्रॉसमन वारले. पुस्तक १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघाले. त्यांच्या स्वतःच्या देशात ते छापायला १९८८ उजाडले.