हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली, पण त्यातून सिद्ध काय झालं?

दिवाळीच्या सुट्टीत बोदवडला घरी आले की पेटची तयारी करणारी दोन-चार मुलं भेटायला येतात. मी त्यांचा लुटुपुटीचा इंटरव्ह्यू घेते. यंदा विचारलं, "लसींवर काम केलेल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या संशोधनाबद्दल सांगा." तिघांनी वाल्डेमार हाफकिन यांचं नाव घेतलं आणि तिघांनी एकच गोष्ट सांगितली : प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. "बरं, त्यातून सिद्ध काय झालं?" असं विचारल्यावर मात्र सगळे गप्प.

दोष मुलांचा नाही. हाफकिन यांच्यावरचे बरेच लेख धाडसापाशीच थांबतात. माझा आक्षेप त्यालाच आहे, कारण त्यांचं खरं संशोधन त्या प्रसंगाच्या पुढे सुरू होतं.

हाफकिन 1860 मध्ये ओडेसाला जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1893 मध्ये ते भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णता देऊन मारले. 10 जानेवारी 1897 ला ही लस त्यांनी स्वतः घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. यातून एवढंच कळलं की एका माणसाला तो डोस सोसला. लस प्लेग रोखते का, याचं उत्तर त्यात नव्हतं. लस न घेताही त्यांना प्लेग झाला नसता, असं असू शकतं ना!

उत्तराची सुरुवात त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात झाली. तिथे प्लेग शिरलेलाच होता. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. जागा एक, जेवण एक. लस न घेतलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला, 6 दगावले. लस घेतलेल्यांत 2 जणांना झाला, मृत्यू एकही नाही. दोन्ही गटांत दीडशेच्या आसपास माणसं होती. हा झाला कंट्रोल ग्रुप.

आता यातल्या त्रुटी बघा. पहिली, कोण लस घेणार हे कैद्यांनीच ठरवलं. पुढे येणारे मुळातच धडधाकट असतील तर? दुसरी, आकडे लहान आणि काळ थोड्या दिवसांचा. तिसरी मला सगळ्यात जास्त खटकते : तुरुंगातल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ? आज असा प्रस्ताव एथिक्स कमिटीपुढे नेला तर पहिला प्रश्न हाच येईल.

पण हाफकिन तिथे थांबले नाहीत. 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या लोकांना लस दिली. हे का महत्त्वाचं, ते आपल्या खान्देशात चटकन कळेल. उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, असं म्हातारी माणसं सांगतात. मग एखादं घर वाचलं ते लसीमुळे की गाव सोडल्यामुळे? एकाच घरातल्या माणसांची तुलना केली की ही शंका बरीच कमी होते. भायखळ्यापेक्षा उंधेऱ्याची मांडणी पक्की आहे, आणि लेखांत तिचाच उल्लेख क्वचित सापडतो.

नंतर 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवालला एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेने लस बनवताना कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं, म्हणून चौकशीत ठपका तिच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पण पद्धत बदलली आणि माणसं मेली, एवढ्यावरून बदलामुळेच मेली असं होत नाही. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. मलकोवालला बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही नोंदही होती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा आरोप दूर झाला. तोवर पाच वर्षं गेली होती.

म्हणजे कौतुक करणारे आणि दोष देणारे, दोघंही एकाच ठिकाणी चुकले. एकामागून एक घडलं, यालाच त्यांनी पुरावा मानलं.

इंटरव्ह्यूत हाफकिन यांचं नाव जरूर घ्या. फक्त घरी आधी कागदावर चार रकाने आखा : लस कुणाला दिली, कुणाला नाही, गट कुणी ठरवले, आणि निकालाला दुसरं काय कारण असू शकतं. आमच्या तिघांना मी तेच काम दिलंय. भाऊबीज झाली की पुन्हा बसणार आहोत.